कापलेलं अर्धं मिनिट

ता. ३, सोमवार

खुर्चीच्या तासाचा व्हिडिओ आज विभागाच्या पेजवर टाकला. तपासणी समिती येणार म्हणून कुलसचिव सगळ्यांच्या मागे लागले होते, प्रत्येक विभागाने काहीतरी चकाकतं दाखवा. रसायनवाल्यांनी नवं यंत्र दाखवलं, इतिहासवाल्यांनी एक फुटकं मडकं. माझा विषय आंतरसांस्कृतिक संवाद आणि सहिष्णुता. त्यात ना यंत्र ना मडकं. शेवटी खुर्ची दाखवली.

या तासाचा मला अभिमान आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्यापैकी नसलेल्या एका माणसापुढे तासभर बसायचं, वाद न घालता ऐकायचं, आणि मग वर्गासमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसून त्या माणसाच्या वतीने 'मी' म्हणून बोलायचं. नियम दोनच. त्याचे शब्द बदलायचे नाहीत आणि त्याचं नाव कधीही, कुणालाही सांगायचं नाही. आमच्या गावासाठी हा नियम फार सोयीचा आहे. इथे पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन पक्ष. सहा वर्षांपूर्वी पलीकडच्या टोकाची दुकानं जाळली गेली. तेव्हापासून कुणी उघड काही बोलत नाही, आणि यालाच शांतता म्हणतात. या शांततेवर माझी दोन पुस्तकं आहेत.

व्हिडिओतली मुलगी पलीकडची. वर्गात तिला 'दुरुस्ती' म्हणतात, कारण कुणी काहीही बोललं की हिचा हात वर, "एक दुरुस्ती, सर." बाप घड्याळं दुरुस्त करतो. तिच्यासमोर तासभर बसायला अलीकडचं कुणी तयार होईना, तेव्हा मी उदार झालो. म्हटलं, माझ्या आईकडे जा. फक्त पलीकडची आहेस हे सांगू नकोस, म्हणजे ती मोकळेपणी बोलेल.

आई बोलली. मुलगी खुर्चीत आईसारखी बसली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाली, "घड्याळवाल्याचं दुकान पेटलं तेव्हा मी गच्चीत होते. खोटं कशाला बोलू, वाईट नाही वाटलं. म्हटलं, बरं झालं. या लोकांना तेवढंच कळतं." शिक्षक म्हणून मला आनंद झाला, मुलगा म्हणून मी फरशीकडे बघत राहिलो.

टाकताना सुरुवातीचं अर्धं मिनिट कापलं. त्यात ती सांगते की आता मी एका आजींच्या खुर्चीत बसते. त्या पुलाशेजारच्या कोपऱ्यावरच्या घरात राहतात, खाली सुनेचा दातांचा दवाखाना आहे, मुलगा शिकवतो. एवढ्यावरून गावातलं शेंबडं पोरही आमचं घर दाखवेल. ओळख लपवणं हा संशोधनाचा पहिला धडा. मुलीचा चेहरा अंधुक करायचं मनात आलं होतं, पण तिचे हावभाव इतके छान होते की जिवावर आलं. तिला वेगळं विचारलं नाही. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांची लेखी संमती घेतली आहेच.

कुलसचिवांचा फोन आला होता. नव्या संवाद केंद्राच्या संचालकपदासाठी माझं नाव पुढे आहे म्हणाले. बरं वाटलं.

ता. ५, बुधवार

विभागातल्या क्लार्कबाई सकाळी दाराशी घुटमळत होत्या. "सर, तुमचा व्हिडिओ माझ्या भाच्याच्या फोनवर आलाय. पण वर भलतंच लिहिलंय."

वर लिहिलं होतं, 'शिकायला पाठवली, बघा काय शिकली.' खाली तिच्या गल्लीचं नाव, बापाच्या दुकानाचा फोटो.

मला आधी कळेना. मग मी तो व्हिडिओ एखाद्या परक्या माणसासारखा बघितला आणि पायाखालची वाळू सरकली. सुरुवात नाही म्हणजे खुर्ची नाही, आजी नाही, तास नाही. उरते फक्त एक मुलगी, आणि ती स्वतःच्या तोंडाने म्हणते आहे की आमच्या लोकांची दुकानं जळली ते बरं झालं. वय, घर, पेशा, नातं, जे जे ओळखू येईल ते सगळं मी काढलं होतं. एक तिचा चेहरा तेवढा ठेवला.

ताबडतोब व्हिडिओ काढून टाकला. क्लार्कबाई म्हणाल्या, "हे वरातीमागून घोडं झालं, सर." खरंच आहे. पलीकडे तो हजारो फोनवर गेलाय म्हणतात. वर्गातल्या मुलांनी, नाव न सांगण्याचा नियम पाळून, खाली लिहिलं की हा अभ्यास होता, वाक्यं तिची नाहीत. त्यांना उत्तर मिळालं, दोस्त असंच म्हणणार.

तिला तीनदा फोन केला. उचलला नाही. तिने उचलला नाही याचं मला थोडं हायसं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

ता. ६, गुरुवार

दुरुस्ती आली होती. मागच्या फाटकाने, डोक्यावरून टोपी ओढून. माझ्या खोलीत येऊन उभीच राहिली. बस म्हटल्यावर बसली.

"सर, सुरुवातीचं अर्धं मिनिट टाका ना. तेवढं टाकलं की झालं."

"घरी काय म्हणतात?"

"बाबा बोलत नाहीत. मी सांगितलं, वाक्यं माझी नाहीत. म्हणाले, मग कुणाची? म्हटलं, ते सांगता येत नाही. म्हणाले, ज्याचं नाव सांगता येत नाही असं माणूस नसतंच. तूच ते." तिने नाक पुसलं. "शटरवर कुणीतरी लिहून गेलंय. घासलं तरी जात नाही. गिऱ्हाईक आपापली घड्याळं परत घेऊन जातंय, न दुरुस्त केलेली."

मी म्हटलं, ते अर्धं मिनिट बाहेर आलं तर ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांचं काय? संशोधनाचं नीतिशास्त्र आहे. नियम आहे.

"हो सर. नियम मीपण मान्य केलाय."

"मग?"

"पण एक दुरुस्ती, सर. नियम बोलणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आहे ना? मग आजींनाच विचारलं तर? त्या हो म्हणाल्या तर नियम मोडत नाही."

या मुद्द्यावर मी दोन प्रकरणं लिहिली आहेत. म्हटलं, आई थकलेली आहे, तिला या वयात त्रास नको, मी विद्यापीठाच्या कायद्याच्या बाईंशी बोलून बघतो. ती "बरं" म्हणाली. दाराशी वळून तिने विचारलं, "आजींचा गुडघा कसा आहे?" गुडघ्याचं तिला कसं ठाऊक? मुलाखतीत तर गुडघा नव्हता.

कायद्याच्या बाईंशी बोललो नाही. त्या आज रजेवर असाव्यात. मी पाहिलं नाही.

ता. ७, शुक्रवार

पहाटे खिडकीखाली मोटरसायकल थांबली. पाचावर धारण बसली. अंथरुणात पडून ऐकत होतो, की आता दगड येणार, आता येणार. ही उठली, खिडकी उघडली, खाली बघितलं आणि म्हणाली, "पेपरवाला आहे. रोज येतो. गेली अकरा वर्षं."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते असं. तरीही दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली. मिस्त्री म्हणाला, साहेब, हे दार आधी मोडेल, कडी राहील.

आता माझी भीती नीट मांडतो, मांडली की लहान होते असं मी मुलांना सांगत असतो. एक, पलीकडच्या लोकांना कळेल की ती वाक्यं कुणाची आहेत. दोन, ते पूल ओलांडून येतील. पूल चालत जेमतेम दोन मिनिटांचा आहे आणि आमचं घर त्याच्या तोंडाशी. तीन, आई. चार, खाली दवाखाना, काचेची दारं. पाच, सहिष्णुतेच्या प्राध्यापकाच्या घरातली ही भाषा, हे कळल्यावर संचालकपद गेलंच.

मांडून झाली. लहान झाली नाही. पाचवी मी शेवटी लिहिली हे मात्र बरं दिसतं.

ता. ९, रविवार

मी रविवारी लिहायला विभागात जातो. आज भीतीपोटी घरीच राहिलो आणि एक नवीनच कळलं. आई सकाळपासून चांगली साडी नेसून, चष्मा पुसून बसलेली.

"कुणी येणार आहे का?"

"आज रविवार ना? ती नाही आली अजून."

दुरुस्ती दर रविवारी येते! मुलाखत झाल्यापासून. आईला पेपर वाचून दाखवते, गुडघ्याला तेल लावून देते, आणि दोघी म्हणे भांडतात. मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहितीये. नाहीतर तुमच्याच संवादावरच्या पुस्तकात कुठेतरी असेल."

आईला ती पलीकडची आहे हे नक्कीच ठाऊक नसणार. कळलं तर काय होईल या विचाराने जेवण गेलं नाही. आईला फक्त एवढं सांगितलं की परीक्षा जवळ आलीय, मुलगी अभ्यासात असेल. आई म्हणाली, "एक फोन करायला काय होतं?" आणि दुपारी साडी बदलली.

नंतर दवाखान्यात नेऊन हिने मला रुग्णाच्या खुर्चीत बसवलं आणि दार लावलं. आम्हाला भांडायचं असलं की ही जागा.

"मूळ व्हिडिओ आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग?"

"तुला कळत नाही का? आई..."

"आईंना विचारलंत?"

"आईंना विचारण्यासारखं..."

"अहो, त्या मुलीच्या घरावर काल दगड पडलाय. माझ्या एका पेशंटने सांगितलं. ती आता मैत्रिणीकडे झोपते. आणि तुम्ही दाराला कड्या बसवताय."

मी म्हटलं, माझी काळजी स्वतःपुरती नाही, नियमाची आहे. उद्या कुणी माझ्यावर विश्वास ठेवून बोलणार नाही. ही थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, दात बघते तशी. "बरोबर," म्हणाली, "उद्या कुणी ठेवणार नाही."

ती माझ्याशी सहमत झाली याचं आश्चर्य वाटलं.

ता. ११, मंगळवार

कुलसचिवांनी बोलावलं. चहा मागवला, दार लावून घेतलं. समितीच्या भेटीपूर्वी प्रकरण निस्तरायचं आहे. चौकशी मंडळ नेमलंय. ते स्वतः, कायद्याच्या बाई आणि वसतिगृहाचे प्रमुख. परवा दुपारी बैठक. साक्षीला मी.

"खरं काय, खोटं काय, यात मला रस नाही," ते म्हणाले. "फाटकाशी रोज गर्दी जमते. उद्या काही झालं तर? मूळ चित्रण असेल तर दाखवा, विषय संपला. त्यात जे कोण असेल ते असेल. नसेल तर मुलीने वर्षभर घरी बसावं. तिच्याच सुरक्षेसाठी. तुमच्या केंद्राचा कागद सहीला तयार आहे."

त्यांनी विचारलं, "आहे का चित्रण?"

मी म्हटलं, "बघावं लागेल."

लॅपटॉप माझ्या मांडीवरच होता.

घरी येताना पुलाजवळून आलो. पलीकडच्या टोकाला त्या घड्याळवाल्याचं दुकान दिसतं, शटरवर काळं काहीतरी. इकडून वाचता येत नाही. अलीकडच्या दिव्याच्या खांबापर्यंत गेलो आणि परतलो. पलीकडच्या एकाही घरात मी कधी गेलेलो नाही, हे चालता चालता लक्षात आलं. मुलाखती सगळ्या माझ्या विद्यार्थ्यांनी घेतल्या होत्या.

ता. १२, बुधवार

हिने आईला सगळं सांगून टाकलं. मला न विचारता! विभागातून आलो तर आई पलंगावर ताठ बसलेली. मला वाटलं आता रडणार, घाबरणार. औषधाची गोळी हातात तयार ठेवली.

"माझी वाक्यं तिच्या अंगावर आली, आणि हे मला सुनेने सांगायचं?"

"आई, तुला त्रास नको म्हणून... आणि तुला ठाऊक नाही, ती मुलगी पलीकडची आहे."

"अरे, ते तिने चपला काढता काढताच सांगितलं. म्हणाली, आजी, सर म्हणाले सांगू नकोस, पण मग तुमचं ऐकणं चोरीचं होईल."

मी खुर्चीत बसलो. "तरी तू तिच्या तोंडावर ते बोललीस?"

"मग काय पाठीमागे बोलू? तिने विचारलं, मी सांगितलं. झाल्यावर म्हणाली, आजी, ते दुकान माझ्या आजोबांचं होतं."

हे मला कसं सुचलं नाही? बाप घड्याळवाला, हे मीच इथे लिहून ठेवलंय. म्हणजे त्या दिवशी वर्गात ती स्वतःच्या आजोबांच्या दुकानाबद्दल 'बरं झालं' म्हणाली, एक शब्द न बदलता, आणि मी मनात तिच्या हावभावांना गुण देत होतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चहा गार झाला. दोघींनी गारच प्यायला. मला वाटलं गेली आता. पुढच्या रविवारी परत आली. म्हणाली, आजी, माझं अजून बोलून झालेलं नाही." आईने पदराने चष्मा पुसला. "तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, हे खरंच आहे. ते मी नाकारणार नाही. आता काय वाटतं ते तिला माहितीये. तुला सांगायची गरज नाही. उद्या किती वाजता आहे ते तुमचं?"

"कशाला?"

"येणार मी. माझं बोलणं आहे, मी सांगेन."

तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ही बाई फाटकाशी जमलेल्या गर्दीतून काठी टेकत जाणार आणि सांगणार की मीच ती. मग लोक काय करतील? आणि विद्यापीठात ही वार्ता कुठून कुठे जाईल?

मी म्हटलं, "उद्या नाही, आई. पुढे ढकललंय. तारीख कळली की सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

आईने माझं बोलणं खरं मानलं. लहानपणापासून मानते. ही ओट्याशी पाठ करून उभी होती.

ता. १३, गुरुवार

सगळं आजचंच आहे, क्रमाने लिहितो.

सकाळी निघताना आई आवरून, काठी घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसलेली दिसली. "पुढे ढकललंय म्हणालास. पण म्हटलं, तयार असलेलं बरं." मी हसलो. ही खाली दवाखान्यात होती. बाहेर पडलो आणि दाराला बाहेरून कडी घातली. दिवस वाईट आहेत, कुणी वर आलं तर काय घ्या, असा विचार केला. कडी बाहेरून घातली की बाहेरचा आत येऊ शकतोच, हे जिन्यात असताना सुचलं. परत गेलो नाही.

बैठक लांबट टेबलाभोवती. पाण्याच्या बाटल्या, दोन पंखे, त्यातला एक बंद. दुरुस्ती टेबलाच्या टोकाला बसली होती. आठवड्याभरात गालफडं बसलेली. बरोबर कुणी नाही.

कायद्याच्या बाईंनी विचारलं, ही वाक्यं तुझी आहेत का?

"नाही."

"मग कुणाची?"

"सांगणार नाही. वर्गाचा नियम आहे."

"नाव सांगितलंस तर आत्ताच्या आत्ता घरी जाशील."

"माहितीये, मॅडम."

ते तिघे माझ्याकडे वळले. कुलसचिव म्हणाले, "सर, असा नियम आहे?"

"आहे," मी म्हटलं. माझा आवाज चांगला खणखणीत निघाला. त्या नियमाबद्दल मी थोडं बोललोही, विश्वास, गोपनीयता, वगैरे. ते मान हलवत होते.

"आणि मूळ चित्रण?"

माझी बॅग माझ्या पायाशी होती. लॅपटॉप बॅगेत. मी बॅगेकडे बघितलं नाही.

"काम झालं की मूळ चित्रण पुसून टाकतो आम्ही. पद्धतच आहे."

दुरुस्तीचा हात वर गेला. गेल्याच आठवड्यात, व्हिडिओ टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी ते मूळ चित्रण अख्ख्या वर्गाला दाखवलं होतं. ती पहिल्या बाकावर होती. "एक दुरुस्ती," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. कायद्याच्या बाईंनी पेन उचललं. "बोल."

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

हात खाली घेतला. तिचं दुरुस्त करायचं राहून गेलेलं हे माझ्या माहितीतलं पहिलंच.

एक वर्ष. तिच्याच सुरक्षेसाठी. कुलसचिवांनी बाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, तुम्ही तत्त्वाला धरून राहिलात. केंद्राचा कागद संध्याकाळी सहीला जाईल. ती पायऱ्या उतरून मागच्या फाटकाकडे गेली. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. धन्यवाद तर म्हणता येत नव्हतं. मी प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन बसलो आणि फाटकाशी गर्दी पांगेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

अंधार पडता पडता घरी आलो. कडी उघडी. दार सताड. आई नाही, काठी नाही. खाली दवाखान्याला कुलूप. दारावर हिच्या अक्षरात चिठ्ठी पेशंटसाठी, 'आज बंद'. माझ्यासाठी काही नाही.

हिला फोन केला. मागे खूप माणसांचा आवाज येत होता.

"दुपारी वर गेले तर आई दारामागे बसल्या होत्या," ही म्हणाली. "काठीने दार ठोकून दमलेल्या. म्हणाल्या, कडी बाहेरून आहे गं. मग म्हणाल्या, मला पूल ओलांडून ने."

"आणि तू नेलंस? वेडी आहेस का तू? त्यांनी काही केलं तर?"

"ओरडले लोक. अजून ओरडताहेत. एक बाई आईंच्या अंगावर धावून आली, ती आता शेजारी बसून रडतेय. आई प्रत्येकाला एकच सांगताहेत, ते मी बोलले, ती नाही बोलली. मुलीचे वडील आधी आत निघून गेले होते. आता बाहेर आलेत. तुम्ही या."

मी पुलाकडे पळत गेलो. खरंच पळत. अलीकडच्या खांबापाशी पोचलो, दिवा नुकताच लागला होता. पलीकडे दुकानासमोर गर्दी, शटर अर्धं वर, आतला उजेड. कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं. पुलावर एक पाऊल टाकलं. कुणीतरी तिकडून मोठ्याने काही ओरडलं, माझ्यावर नसेल, पण मी कठड्याला धरून उभा राहिलो. माझी म्हातारी आई तिकडे होती, माझी बायको होती, ती मुलगी होती. मला जायचं होतं. देवाशपथ जायचं होतं. पाय उचलेना.

फोन वाजला. हिचा नंबर, पण आवाज आईचा. दमलेला.

"अरे, इथे सगळे विचारताहेत, मुलगा का नाही आला? काय सांगू?"

कंठाशी आलेलं एक होतं आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"सांग, मी मीटिंगमध्ये आहे, आई. महत्त्वाची मीटिंग आहे. संपली की येतो."

तिच्यामागचा गलका थोडा कमी झाल्यासारखा वाटला. मग अगदी हळू, जवळच्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, म्हणाली, "मी दुकानाच्या पायरीवर बसलेय रे. इथून दिसतोयस तू मला."

मी दिव्याखालून बाजूला झालो.